अनुभव धागा: टीव्हीवरच्या गेमची ती ट्यून, तुमच्या घरात कशी वाजायची?

परवा लालबागच्या घराचा पोटमाळा आवरताना जुना टीव्ही गेम सापडला, दोन्ही रिमोट वायरी गुंडाळून ठेवलेले, आणि ती पिवळी '९९९९ इन १' वाली कॅसेट पण. अडॅप्टर मेलेला होता म्हणून मोबाइलवर मारिओचं मूळ जपानी म्युझिक लावलं आणि पहिल्या दहा सेकंदांत वाटलं की हे पळतंय, आपलं असं नव्हतं. भाऊ म्हणाला ताई तुझा भास आहे. मग दोन रात्री वाचत बसले, तर भास नव्हता.

जपानमधला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो आणि आपला जुना पाल (PAL) पद्धतीचा टीव्ही ५० वेळा, आणि या गेम्समधलं म्युझिक प्रत्येक चित्राबरोबर एक पाऊल पुढे सरकतं. आपल्याकडे मूळ जपानी मशीनचे, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचे, जे डुप्लिकेट सेट आले त्यातल्या बऱ्याच सेटमध्ये चिपचा वेग जवळपास जपानी मशीनएवढाच ठेवलेला असायचा, म्हणजे पट्टी तीच राहिली पण लय सहात पाच एवढी मंदावली. शिवाय अशा कित्येक नकली चिप्समध्ये दोन प्रकारच्या चौकोनी लहरींची (चिप ज्यांतून सूर काढते त्या) अदलाबदल झालेली असायची, त्यामुळे आवाजाचा पोतही वेगळा. म्हणजे कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये केलेली मारिओची चाल आमच्या खोलीत जशी वाजायची तशी त्यांनी कधी लिहिलीच नव्हती, ती आमच्या सेटची होती. मला हे फार मोठं वाटतंय. तुमचे अनुभव लिहा, कुठलाही गेम चालेल, फक्त कुठे आणि कशावर ऐकलंत ते नक्की सांगा.

गिरगाव

ताई, तुमचं वाचून आमचे बाबा आठवले. ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि मे महिन्यात आम्ही खेळत असताना पेपर वाचता वाचता ऐकायचे. एकदा म्हणाले, मारिओ उडी मारतो तेव्हा चालीतला एक आवाज मध्येच गप्प होतो, नीट ऐक. आम्हाला कधी जाणवलंच नव्हतं! त्या चिपला आवाजाच्या पाचच वाटा, दोन चौकोनी लहरीच्या, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीची आणि एक रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी, त्यामुळे उडीच्या आवाजाला जागा हवी तर चालीतला कोणीतरी क्षणभर थांबायचा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. बाबांनी ते नुसतं ऐकून ओळखलं होतं. खालचा जाडा सूर आहे ना, त्याच्याबद्दल ते म्हणायचे की ह्याच्या पेटीला भाता नाही, दाबला की वाजतो सोडला की बंद. तो त्रिकोणी लहरीचा, त्याला खरंच लहानमोठं करायची सोय नसते. आता बाबा नाहीत, पेटी आहे.

परळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पार्लर होतं, एक रुपयाचं नाणं टाकायचं. तिथे 'मुस्तफा' (त्या गेमचं खरं नाव कोणाला ठाऊक होतं?) आणि शेजारी स्ट्रीट फायटर २. आठ मशीन्स एकदम वाजणार, वर मालकाचा रेडिओ, त्यात म्युझिक असं काही सलग ऐकूच यायचं नाही. पण स्ट्रीट फायटरमध्ये कोणाची ताकद संपत आली की म्युझिक बदलून एकदम घाई करतं, आणि तेवढं मात्र रस्त्यावर उभं राहूनही कळायचं, मग आम्ही दप्तरं सावरत आत पळायचो कारण आता नंबर लागणार. वीस वर्षांनी हेडफोन लावून तेच सगळं शांतपणे पहिल्यांदा ऐकलं. बहुतेक चाली योको शिमोमुरा या बाईंच्या, १९९१ च्या. प्रत्येक फायटरला त्याच्या देशाची, त्याच्या स्वभावाची चाल दिली आहे, आणि एवढी कारागिरी आपल्या डोक्यावरून त्या गोंगाटात वाहून जात होती म्हणून मला खरंच रडू आलं होतं.

डोंबिवली

माझा गेम नाही, फोन आहे, चालेल का? नोकिया ३३१० मध्ये रिंगटोन स्वतः टाइप करायची सोय होती. १ ते ७ आकडे म्हणजे सरळ सा रे ग म प ध नी! शून्य म्हणजे थांबा, ८ ने सूर आखूड, ९ ने लांब, स्टारने सप्तक बदलायचं. कोमल ग हवा तर रे वर हॅश. मी लहानपणी तीन वर्षं पेटी शिकलेली, त्यामुळे फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात घाटकोपरपर्यंत उभ्याउभ्या एका हाताने कोणाचीही चाल बसवून द्यायचे, सीटवरच्या मावशी गुणगुणायच्या आणि मी आकडे दाबायचे. एका वेळी एकच सूर वाजणार, त्यामुळे चाल मुळात चांगली असेल तरच ओळखू यायची.

विलेपार्ले

प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९. बाबांच्या ऑफिसचा कॉम्प्युटर, स्पीकर नाही, आतून नुसती पीं पीं. त्याचं म्युझिक गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांनी केलं होतं, हे कळल्यापासून तो गेम मला अजूनच घरचा वाटतो.

वसई

सिव्हिलायझेशन ४ (२००५) च्या मेनूवर वाजणारं 'बाबा येतू'. शब्द स्वाहिली भाषेतले, पण आहे ती आपली प्रभूची प्रार्थनाच, हे कळलं तेव्हा मी खेळ सुरूच केला नाही, मेनूवरच थांबलो. क्रिस्टोफर टिन यांना त्यासाठी २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं, गेमसाठी केलेल्या संगीताला मिळालेलं ते पहिलं. आमच्या क्वायरमध्ये नाताळाआधी बसवायचं म्हणून दोन वर्षं मागे लागलोय, यंदा सर हो म्हणालेत.

ठाणे

मी फेमीट्रॅकर या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चिपट्यून करतो, म्हणजे त्या जुन्या चिपच्या त्याच पाच वाटांत संगीत. गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीसाठी आरती बसवली. झांजा खरखरीच्या वाटेवर अगदी चपखल बसतात, ढोलकीचा घुमणारा ठोका त्रिकोणी लहर झपकन खाली घसरवून काढला, पेटीसारखे एकत्र सूर हवे होते पण तेवढ्या वाटाच नाहीत म्हणून तीन सूर एकामागून एक इतक्या भरभर वाजवायचे की कानाला ते एकच वाटतात, जुने लोक हेच करायचे. सगळं जमलं, फक्त आरती धावत होती. लोक टाळ्या देताना मागे पडत होते, आजी तर दुसऱ्या कडव्याला थांबल्याच. मला कारण सापडेना, कोणतीही ओळ सुटी ऐकली की बरोबर वाटायची.

ताई, तुमचं वाचून आत्ता फाइल उघडली. वेग ६० वर होता. ५० केला आणि आजींना बोलावलं. पहिल्या ओळीलाच त्यांचे हात जुळले आणि शेवटपर्यंत टाळी सुटली नाही.

लालबाग

फाइल पाठव रे. उद्या अडॅप्टर बघायला लॅमिंग्टन रोडला जातेय, सेट चालू झाला तर आमचा मारिओ रेकॉर्ड करून इथेच टाकते.