बाबांच्या लिव्हरमधली गाठ: ऑपरेशन की अब्लेशन?

मंडळी, नमस्कार.
माझे बाबा (वय ६८) दादरला असतात. जुना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरॉसिस (लिव्हरमध्ये व्रण पडून ते कडक होणं). परवाच्या सीटीत २.४ सेंटीमीटरची एकच गाठ निघाली, कॅन्सरचीच. सर्जन म्हणतात कापून काढू, दुसरे डॉक्टर म्हणतात अब्लेशन करा. भाऊ तिकडे एकटा धावपळ करतोय. डॉक्टरकाका, तुम्ही आता मुंबईतच आहात, काय करावं?

—

अगं, इतकी लहान असताना सापडली हे फार बरं झालं. या टप्प्यावर गाठ पूर्ण घालवता येते. पण तू गाठीचं माप कळवलंस, बाकीच्या लिव्हरचं काहीच नाही, आणि खरा निर्णय त्यावरच होतो. सिरॉसिस झालेल्या लिव्हरचा तुकडा काढला की उरलेल्या भागाला सगळं काम पेलावं लागतं. रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) किती? पोटात पाणी आहे का? यावरून चाइल्ड-प्यू श्रेणी, म्हणजे लिव्हर किती नीट काम करतंय त्याची ए, बी किंवा सी अशी प्रत, काढतात. ऑपरेशनसाठी ती 'ए' हवी. शिवाय पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या शिरेतला) दाब वाढलेला नको. प्लेटलेट लाखाच्या खाली, प्लीहा मोठी, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, या त्याच्या खुणा.

अब्लेशनमध्ये सुई घालून गाठ जागच्या जागी जाळतात. दोन सेंटीमीटरपर्यंत ते ऑपरेशनच्या तोडीचं आहे, तीनपर्यंतही चांगलं. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल तर मात्र वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि कडेच्या पेशी वाचतात.

—

काका, चाइल्ड-प्यू ए आहे. प्लेटलेट ७८ हजार, एन्डोस्कोपीत शिरा फुगलेल्या. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांपासून लांब आहे.

—

म्हणजे पोर्टल शिरेतला दाब वाढलेला आहे, मग माझा कल अब्लेशनकडे. तरी ट्रान्सप्लांटबद्दलचं मत आत्ताच घ्या, कारण या दोन्ही उपायांत सिरॉसिस तसाच राहतो. ऑपरेशननंतरसुद्धा पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये गाठ पुन्हा दिसते. ट्रान्सप्लांट कोणाला करावं हे ठरवणाऱ्या १९९६ च्या मिलान निकषात (एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा ३ सेंटीमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन) बाबा बसतात. वयामुळे हृदय-फुप्फुसांची तपासणी कसून होईल. मरणोत्तर दानातून लिव्हर हवं असेल तर हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीकडे (अवयवदानाचं काम पाहणाऱ्या विभागीय समन्वय केंद्राकडे) नाव नोंदवावं लागतं.

भावाला सांग, सर्जन, लिव्हरचे डॉक्टर आणि रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात अशा ठिकाणी फाइल दाखव. परळला टाटात तशी सोय आहे. नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडीही ने. हिपॅटायटिस बीची गोळी एकही दिवस चुकू देऊ नका. अब्लेशननंतर महिनाभराने सीटी, मग पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी.