बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांतून सायकलने: वर्दळ नसलेले रस्ते कसे निवडावेत?

अंत्रुजवासी, फोंडा

नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरात मी आणि पत्नी मुलाकडे फ्रान्समध्ये ल्योनला जात आहोत. तेथून सहा दिवस मोकळे काढून बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात सायकल चालवावी, अशी आम्हा दोघांची फार दिवसांची इच्छा आहे. मी अठ्ठावन्न वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे, पत्नी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दर रविवारी सायकली गाडीला बांधून आम्ही जुने गोवे गाठतो, फेरीबोटीने दिवाडीला उतरतो आणि खाजनाच्या कडेने वीसेक किलोमीटर फिरून ऊन चढायच्या आत परततो. त्या दोन तासांत बगळे, बांधावरची माणसे आणि सायकल हाणत जाणारा पोदेर (पाववाला) यांच्याखेरीज कोणी भेटत नाही, आणि आम्हाला हवे असते ते नेमके हेच.

फ्रान्समध्येही असेच रस्ते हवे आहेत. प्रसिद्ध मद्यशाळा पाहण्याची घाई नाही, दिवसाकाठी मोठे अंतर तोडण्याची हौसही नाही. नकाशावर मात्र त्या भागात रस्त्यांचे असे जाळे दिसते की कोणता रस्ता निवांत आणि कोणत्यावरून मालवाहू गाड्या धावतात, हे घरबसल्या कळत नाही. शिवाय जन्मभर डाव्या बाजूने चालवलेली सायकल तेथे उजव्या बाजूने चालवायची, याची पत्नीला धास्ती वाटते. ज्यांनी तो प्रदेश स्वतः सायकलवरून पाहिला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवाट, म्हापसा

आम्ही दोघी बहिणी दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरातच तेथे आठ दिवस होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दिजोंपासून शान्यीपर्यंत डोंगरउताराच्या पायथ्याशी डी ९७४ हा रस्ता आहे. नकाशावर तो सरळ आणि सोपा दिसत असल्यामुळे नवखा माणूस हटकून त्याच्यावरच जातो आणि दिवसभर गाड्यांचा वारा खातो. तुम्ही त्या रस्त्याला फक्त ओलांडण्यापुरते भेटा. बोन या गावातून निघून पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिनी-मोंराशे अशी गावे घेत साँतनेला पोहोचणारी सुमारे २२ किलोमीटरची सायकलवाट वेलींच्या ओळींमधूनच जाते. तिचे नावही ‘वेलींची वाट’ असेच आहे. तिच्यावर मळ्यांतले ट्रॅक्टर, पायी चालणारे आणि सायकली यांशिवाय फारसे काही भेटत नाही. ल्योनहून बोनला थेट प्रादेशिक रेल्वे आहे आणि सायकली तेथेच भाड्याने मिळतात, तेव्हा येथून सायकली खोक्यात भरून नेण्याचा खटाटोप करू नका.

२२ किलोमीटर म्हणजे दीड तासाचे काम, असे आम्ही पहिल्या दिवशी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सकाळी निघालो ते दुपारी उशिरा साँतनेला टेकलो, आणि त्याचे कारण चढ नव्हते. तेथे वेलींच्या ओळींत जेमतेम एक मीटरचे अंतर असते, एका हेक्टरमध्ये सुमारे १०,००० वेली बसतात. त्यामुळे ट्रॅक्टर ओळींच्या मधून जाऊ शकत नाही. उंच पायांच्या टेबलासारखा तो ओळीच्या वरून, वेलींना पोटाखाली घेऊन चालतो. व्होलने सोडल्यावर असा एक ट्रॅक्टर अरुंद वाटेने समोरून आला, तेव्हा आम्ही सायकली दगडी गडग्याला टेकवून उभ्या राहिलो आणि चालकाने वरून हात उंचावून आभार मानले. तो गेल्यावर जे ऐकू आले ते अजून कानात आहे: गडग्यापलीकडे वाकलेली तोडणीची माणसे दिसत नव्हती, फक्त त्यांच्या कात्र्यांची कचकच आणि मधूनच कोणाचे तरी हसणे. मर्सोच्या गल्ल्यांत शिरलो तेव्हा उघड्या दारांतून आंबत्या रसाचा वास येत होता आणि बहीण चटकन म्हणाली, ‘काजूच्या बोंडूंच्या दिवसांत सत्तरीत येतो तसाच!’ वास अगदी तोच नव्हता, पण तिचे म्हणणे मला पटले.

मळ्यांच्या गडग्यांवर कोरलेली नावेही थांबून वाचण्यासारखी आहेत. एकाच उतारावर वीस पावलांच्या अंतराने नाव बदलते. मातीतला चुनखडीचा अंश, उताराचा कोन, पाण्याचा निचरा यांवरून शतकानुशतके आखलेले असे १,२४७ तुकडे युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवले. आपल्याकडे प्रत्येक भाटाला आणि कुळागराला (बागायतीला) नाव असते, त्यामुळे गोमंतकीय माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

साँतनेहून पुढे मध्य कालव्याच्या काठाने शान्यीकडे सपाट वाट आहे. त्याच्याही दक्षिणेला जिव्री ते क्लुनी हा जुन्या लोहमार्गावर केलेला ४४ किलोमीटरचा हरितमार्ग, म्हणजे मोटारींना बंदी असलेली वाट, आहे. तो १९९७ मध्ये खुला झाला आणि या प्रकारचा फ्रान्समधला पहिला मानला जातो. रूळ होते तेथे वाट असल्याने चढ जाणवतच नाही. पत्नीला धास्ती असेल तर सुरुवात तेथूनच करा. क्लुनीच्या पुढे सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा एक बोगदा लागतो, जो वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी हिवाळ्यात बंद ठेवतात. सप्टेंबरात तो उघडा असतो, पण आत चांगलेच गार असते, तेव्हा अंगावर घालायला काहीतरी हाताशी ठेवा.

सहा दिवसांत तीन दिवस बोनमध्ये आणि तीन क्लुनीत मुक्काम करावा, रोज तीस-पस्तीस किलोमीटरच्या वर जाऊ नये, असे मी सुचवीन.

चोर्लाघाट, साखळी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. रस्ता ओळखण्याबद्दल एवढेच जोडतो की मिशेलिनच्या कागदी नकाशावर तांबडे रस्ते मोठे, पिवळे मधले आणि पांढरे सर्वांत लहान असतात. पांढऱ्यावर पांढरा जोडत गेलात तर सहसा फसगत होत नाही, आणि ज्याला हिरवी किनार दाखवली आहे तो रस्ता निसर्गरम्य समजावा.

उजव्या बाजूच्या धास्तीबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. गर्दीच्या रस्त्यावर चूक होत नाही, कारण समोरच्या गाड्या आपल्याला बाजूची आठवण देत राहतात. चूक होते ती तुम्हाला हव्या असलेल्या निर्जन वाटेवरच. फोटो काढायला थांबलो, पाणी प्यालो, पुन्हा सायकलवर बसलो, की हात आपोआप सायकलीला डावीकडे नेतात आणि पुढच्या वळणापर्यंत ते ध्यानातही येत नाही. मी स्वतः असा शंभरएक मीटर गेलो होतो आणि समोरून टपालाची गाडी आल्यावर भानावर आलो. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर सायकल रस्त्याच्या उजव्या कडेलाच उभी करायची, हा नियम मी पाळला. निघताना मग विचार करावा लागत नाही. लहान गावांत जेथे कोणतीही पाटी नाही तेथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग ती गल्ली कितीही किरकोळ दिसो. मागे पाहण्याचा आरसा नेणार असाल तर तो डाव्या मुठीला बसणारा हवा.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तेथे तो डाव्या हाताला असतो. वरच्या टेकड्यांवरून मळ्यांकडे उतरताना नव्याने खडी पसरलेल्या रस्त्यावर मी सवयीने डावा ब्रेक दाबला. मागचे चाक अडेल असे वाटले होते, अडले पुढचे, आणि कोपर सोलवटून घेतले. ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की सुटी खडी आहे असे समजून वेग आधीच कमी करावा. सायकल ताब्यात घेतल्यावर दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटे फक्त ब्रेकचा सराव करा, दोघांनीही.

अंत्रुजवासी, फोंडा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. ब्रेकची गोष्ट मला सर्वस्वी नवी होती; पत्नीला वाचून दाखवली आणि या रविवारी दिवाडीला तिच्या सायकलीच्या ब्रेकच्या तारा अदलाबदल करून नेण्याचे ठरवले आहे. आणखी एक शंका आहे. लहान गावांत दुपारी खाण्यापिण्याची काय सोय होते? आम्ही मद्य फार थोडे घेतो, पण गेल्यासारखे एखाद्या ठिकाणी चव पाहण्याची इच्छा आहे.

रानवाट, म्हापसा

दुपारी बारा ते दोन दुकाने मिटतात, ही गोष्ट गोव्याच्या माणसाला रुळायला वेळ लागणार नाही. अडचण रविवार दुपारची आणि सोमवारची आहे. पुष्कळ गावांतली बेकरी सोमवारी बंद असते, आणि ज्या गावात एकच बेकरी आहे तेथे मग काहीच मिळत नाही. म्हणून सकाळी निघतानाच पाव, चीज आणि फळे घेऊन पिशवीत ठेवावीत. पाण्यासाठी गावाबाहेरची दफनभूमी शोधा. फुलझाडांना घालण्यासाठी तेथे बहुधा नळ असतो आणि सायकलवाले बाटल्या तेथेच भरतात, मात्र ‘नों पोताब्ल’ असे लिहिले असेल तर ते पाणी पिण्याचे नसते. आत शिरताना टोपी काढावी आणि आवाज करू नये.

चव पाहणार असाल तर ती दिवसाचे सायकल चालवणे संपल्यावर, मुक्कामाच्या गावी पाहा. रक्तातल्या मद्याची लिटरला ०.५ ग्रॅम ही मर्यादा तेथे सायकलस्वारालाही लागू आहे. तोंडात घोळवून थुंकून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि त्यात थुंकणे मुळीच अशिष्ट मानत नाहीत. वाटेवरच्या वेलीचा घड मात्र तोडू नका, तोडणी आटोपल्यावर राहिलेला दिसला तरीही. बोनला उतरल्यावर पहिल्या दिवशी सायकल चालवू नका; नगरातले १४४३ सालचे रुग्णालय आणि त्याची रंगीत कौलांची छपरे पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास पोमारच्या दिशेने निघा, तेव्हा ऊन वेलींवर समोरून पडलेले असते, कारण तो सगळा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे.