कुठला राजाराम, कुठलं बीड?

गेल्या पावसाळ्यात पुण्याचे साडू आमच्याकडं कोल्हापुरात अडकले होते. पंचगंगा फुगलेली, टीव्हीवर दर तासाला तेच: राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी इतक्या फुटांवर, इशारा 39 ला, धोका 43 ला. साडू कंटाळून म्हणाले, "राजारामपुरी, राजाराम कॉलेज, राजाराम बंधारा... एका राजाराम महाराजांना तुम्ही किती पुरवून वापरताय!" मी हसून मान डोलावली. तेवढ्यात आतून बाबा ओरडले, "एक कुठले? कॉलेज 1880 चं. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम जन्मले 1897 ला. जन्माआधी सतरा वर्षं त्यांच्या नावानं कॉलेज काढलं होय रे?"

तर कॉलेजचे राजाराम त्यांच्या आधीचे, दुसरे. विलायतेहून परतताना 1870 साली इटलीत, फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी अग्निसंस्कार झाले, तिथं त्यांची छत्री उभी राहिली, आणि पुढं शेजारी झालेल्या पुलालाही 'त्या हिंदी माणसाचा पूल' असंच नाव पडलं. पहिले राजाराम म्हणजे शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, ताराराणींचे पती. जन्म कोल्हापुरात जाऊन, पन्नाशी ओलांडून, मी या तिघांना एकच समजत होतो. म्हणून हा धागा. नावसारखेपणानं तुमची फजिती झाली असेल तर लिहा. गावाची, माणसाची, टीमची, कशाचीही चालेल.

*इतिहासाचा मास्तर, कसबा बावडा*

तुमचं तीन राजारामांवर भागलं. माझ्या एका विद्यार्थ्यानं सहामाहीच्या पेपरात लिहिलं होतं, "शाहू महाराजांनी 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले व 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखीव ठेवल्या." दोन्ही सनावळ्या बरोबर! मी समासात लिहिलं, "मधली 189 वर्षे महाराज काय करत होते?"

पोरगं हजरजबाबी. पेपर घेऊन आलं आणि म्हणालं, "सर, एका नावाचे दोघं असतील तर पुस्तकात दोघांना वेगळा रंग द्यायचा की." मी अर्धा गुण दिला.

पण यात खरी गंमत वेगळीच आहे. पेशवे नेमणारे शाहू साताऱ्याचे, आणि त्यांच्याशी गादीवरून भांडूनच ताराराणींनी कोल्हापूरची गादी मांडली. 1731 च्या वारणेच्या तहानं वाटण्या पक्क्या झाल्या. पुढं 1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत इथं दत्तक आला आणि त्याचं नाव ठेवलं शाहू. ज्यांच्याशी उभा दावा, त्यांचंच नाव घरात आलं. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "म्हणजे मिटलं म्हणायचं."

*बीडची सून, सध्या मंगळवार पेठ*

लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "माहेर कुठलं गं?" म्हटलं, बीड. "अगंबाई, मग सोनं गावलं का कधी?" माझा चेहराच उतरला. मला वाटलं, टोमणा आहे, माहेरनं काय घातलं ते विचारतायत. दोन दिवस धुमसत होते. शेवटी सासूबाईंना विचारलं तर त्या पोट धरून हसल्या. करवीर तालुक्यातच कसबा बीड आहे म्हणे. शिलाहारांच्या काळातलं जुनं गाव. पावसाळ्यात तिथं शेतात, अंगणात सोन्याची बारीक नाणी सापडतात, म्हणून सोन्याचा पाऊस पडणारं गाव अशी त्याची ख्याती.

पुढच्याच रविवारी ह्यांनी गाडीवरून नेलं. सोनं काही दिसलं नाही, वीरगळ मात्र बघितले. एकाच दगडावर खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतायत, वर तो शिवलिंगापाशी बसलाय. आता कुणी माहेर विचारलं की मी आधीच सांगते, "मराठवाड्यातलं. बिनसोन्याचं."

*पेठेतला*

आमच्याकडं जावईबापू आलेले, सांगलीचे. म्हटलं, शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉलची मॅच हाय, या ग्राउंडवर, मी कामावरून थेट येतो. पाव्हणं गेलं शिवाजी स्टेडियमवर. डोकं लावलं बिचाऱ्यानं, शिवाजीची मॅच शिवाजीतच असणार की. आणि मॅच शाहू स्टेडियमला! फोन केला तर म्हणतंय, "इथं कोणच नाही, रद्द झाली वाटतं." इकडं गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. हाफ टाइमला आलं. वर आल्या आल्या विचारतंय, "हे पाटाकडील आणि तटाकडील, दोन्ही टीम एकच ना?" आजूबाजूची चार टाळकी वळून बघाय लागली. मी म्हटलं, दाजी, पाटाकडची पाटाकडील, तटाकडची तटाकडील, आता शेंगदाणं खावा आणि गप बसा.

*मुंबईत नोकरी, गाव कागल*

महालक्ष्मी एक्सप्रेस एका सीएसएमटीवरून सुटते आणि दुसऱ्या सीएसएमटीला पोचते. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, कोल्हापूरचं छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. आमचे मामा ही गाडी पकडायला महालक्ष्मी स्टेशनात जाऊन उभे राहिले होते. नाव महालक्ष्मी, म्हणजे तिथं थांबणारच! ते स्टेशन पश्चिम रेल्वेवर, रेसकोर्सच्या शेजारी. गाडी तिकडं फिरकतही नाही. आम्ही घरात देवीला अंबाबाईच म्हणतो. मामांचं म्हणणं, गाडीलाही तेच म्हटलं असतं तर त्यांची रात्र फलाटावर गेली नसती.

*शाहूवाडी तालुका*

दोन ओळीत सांगतो. आमचं मलकापूर. बहिणीच्या साखरपुड्याच्या साड्या कुरिअरवाल्यानं बुलढाण्याच्या मलकापूरला पोचवल्या. कराडजवळ तिसरंही आहे, तिथं गेल्या असत्या तर निदान जाऊन आणल्या असत्या.

*ऊसवाला, करवीर तालुका*

माझं, माझ्या वडिलांचं आणि आडनाव, तिन्ही जसंच्या तसं असलेला दुसरा माणूस आमच्याच गावात आहे. गावानं सोपं केलंय: मी वरल्या आळीचा, ते म्हशीवाले. पण कारखान्याच्या संगणकाला म्हशी कुठं दिसतात? एका हंगामात माझं उसाचं बिल त्यांच्या खात्यावर गेलं. मी महिनाभर हेलपाटे घालतोय, आणि प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर, "पैसे तुमच्याच नावावर जमा आहेत." नावावर होते हे खरंच.

शेवटी एका संध्याकाळी म्हशीवाले स्वतःच दारात. हातात युरियाची रिकामी पिशवी, त्यात नोटा. म्हणाले, "माझा ऊस एवढा नव्हता, तेव्हाच शंका आली. पण तीन हजार खताला गेलं बघ. दुधात फेडू का?" तीन-चार महिने त्यांच्याकडचं दूध आलं. हिशेब कधीच फिटला, तरी चरवी यायची थांबेना, शेवटी आमच्या आईनंच हात जोडले.

त्यांच्या पाहुण्यांच्या लग्नपत्रिका अजून पोस्टानं माझ्याकडं येतात. मी वाचून त्यांच्याकडं पोचवतो. जेवण कोल्हापुरात असलं तर मात्र दोघंही जातो. नाव पत्रिकेवर असतंच.