‘द लेटडाऊन’ पाहिलंय का कुणी? तुमचे पहिले तीन महिने सांगा

डिंकलाडू:
काल रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता ‘द लेटडाऊन’ परत लावली. ऑस्ट्रेलियाच्या एबीसीची विनोदी मालिका. २०१६ ला नमुना भाग आला, २०१७ पासून रीतसर सुरू झाली, दोन सीझनमध्ये संपली. ॲलिसन बेल आणि सारा शेलर या दोघींनी लिहिलीय, आणि बेलच त्यातली ऑड्री आहे. तर ही ऑड्री मध्यरात्री तान्हीला गाडीत घालून सिडनीभर फिरतेय, कारण पोर झोपायला तयार नाही. एका गल्लीत गाडी थांबवते तर गर्द विकणारा पोऱ्या तिला तिथून हुसकतो. धंद्याची जागा ना ती!

मी एवढी हसले की नवरा उठून आला. मग एकदम रडूच आलं.

आम्ही पण सिडनीतच. मुलगा २०१७ चा. व्हिसाच्या घोळात आईचं येणं दीड महिना पुढे गेलं. पोरगं फक्त चालत्या गाडीत झोपायचं, सिग्नल लाल झाला की डोळे टक्क उघडे. पहाटे तीनला मी एका पेट्रोल पंपाच्या कडेला इंजिन चालू ठेवून बसायचे. तिथे रात्रपाळीला एक पंजाबी मुलगा होता. चौथ्या की पाचव्या रात्री कागदी कपात चहा घेऊन आला. मी मॅक्सीवर, आणि मॅक्सीला पुढे दोन ओले गोल. त्या शहाण्या पोराने गाडीच्या टपाकडे बघत चहा दिला, ‘दीदी, चीनी ज़्यादा डाली है’ म्हणाला आणि गेला. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते.

नावातली गंमत म्हणजे इंग्रजीत ‘लेटडाऊन’ म्हणजे पान्हा सुटणं, आणि अपेक्षाभंग पण तोच. आपल्या पान्ह्याला मात्र निराशेचा वाससुद्धा नाही. आई सांगलीहून रोज फोनवर एकच विचारायची, पान्हा फुटतोय ना गं? तिला काय सांगणार, फुटतोय, पण सुपरमार्केटात दुसऱ्याचं पोर रडलं की!

लिहा तुमचं. सुशोभित केलेलं नको.

चिंगीची आई:
दुसऱ्याचं पोर??? माझा टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या बाळावर सुटायचा 😂

तळकोकणी:
मांजर रडली तरी. खरंच सांगतेय. गच्चीवर बोका भांडत होता.

निवांत कधी:
मला मालिका माहीत नाही पण आपल्याकडच्या मालिकांत डोहाळजेवण तीन भाग चालतं, फुलांची वाडी, झोपाळा, धनुष्यबाण. बाळंतपण जाहिरातींच्या ब्रेकमध्ये उरकतं. बारशाला नायिका पैठणीत, पोट सपाट. पुढच्या महिन्यात लीप, पोर शाळेत! दुपटी कोण धुतं?

सातारी ठेचा:
सासू धुते, नाहीतर सासू खलनायिका असते. तिसरा पर्याय नाही.

डॉ. अर्धीझोप:
बालरोगवाली आहे म्हणून एक भर. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध पुढे ढकललं जातं. हाच पान्हा. रडणं ऐकून, वास येऊन, नुसत्या आठवणीनेही सुटतो. उलट दुखत असेल, धास्ती असेल, कुणी डोक्यावर उभं राहून ‘येतंय का, येतंय का’ करत असेल तर अडतो. हे सगळं मी एमडीला तोंडपाठ म्हटलं होतं. स्वतःच्या वेळी चौथ्या दिवशी दगडासारखी छाती घेऊन रडत बसले, तेव्हा कोबीची गार पानं ठेवायला सांगितली ती वॉर्डातल्या मावशींनी.

चिंगीची आई:
@डॉ. अर्धीझोप कोबी! नंतर वर्षभर कोबीची भाजी खाल्ली नाही मी.

मिसिसागाकर:
कॅनडावाल्यांनी ‘वर्किन मॉम्स’ बघा. टोरांटोत घडते, सीबीसीवर २०१७ ते २०२३, सात सीझन. कॅथरीन राइटमननेच लिहिली आणि केली. पहिल्याच भागात नायिका केट बागेत बाबागाडी ढकलतेय आणि समोर अस्वल! ती पळत नाही, त्याच्यावर ओरडते. लोक म्हणतात अतिशयोक्ती. मी सहा आठवड्यांची बाळंतीण असताना बर्फ उपसणाऱ्या गाडीवाल्यावर ओरडलेय, बाळ नुकतंच झोपलं होतं आणि तो ती पीं पीं करत मागे घेत होता. गेला बिचारा.

वडील_रात्रपाळी:
बाबा लोकांनी लिहिलं तर चालेल ना? लेटडाऊनमधल्या पालक गटात एक घरी राहणारा बाबा आहे, त्याच्यासाठी मी बघितली. आमच्याकडे बायको तीन महिन्यांनी कामावर, मी सहा महिने घरी. पुण्यात. लसीच्या रांगेत बायका विचारायच्या, ‘आई कुठंय?’ मी म्हणायचो ऑफिसात. मग अशा बघायच्या की मी पोर पळवून आणलंय. पायावर घेऊन अंघोळ घालायला यूट्यूबवर शिकलो. मालिशवाल्या मावशींनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, ‘दादा, पोरगं हाय, स्कूटर न्हाय.’

तळकोकणी:
स्कूटर न्हाय 🤣🤣

सत्तरीतली:
मी वाचते नेहमी, लिहीत नाही. आमच्या वेळी बाळंतखोलीत शेगडी, ओव्याची धुरी, कानाला रुमाल, मे महिना आणि वर गोधडी. सव्वा महिना दिवसाउजेडी बाहेर पाऊल नाही. तेव्हा राग यायचा. आता सुनेला तिकडे परदेशात दोन दिवसांत घरी पाठवलं आणि ती आठव्या दिवशी भांडी लावत होती, ते बघून वाटलं की ती शेगडी नको पण ती खोली हवी होती. दार लावून घेता येणारी.

डिंकलाडू:
काकू, लिहीत जा हो.

निवांत कधी:
सगळ्यांना माहेर लाभत नाही पण. माझ्या आईने ऐकवलं, ‘आम्ही नाही का वाढवली चार’. खोलीत बारा माणसं, पण रात्री दोनला मी एकटीच. इथे ‘परदेशात मदत नसते’ असा सूर लागतोय म्हणून सांगितलं.

गप्पच बरी:
हे कुठे लिहिलं नाही कधी. ब्रिस्बेनला होते. तपासणीला आलेल्या नर्सने एक कागद दिला, दहा प्रश्न, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला, एडिनबरा स्केल म्हणतात. पहिलाच प्रश्न, मला हसू येतं का आणि गोष्टींची गंमत दिसते का. चार पर्याय. मी दहा मिनिटं त्या पहिल्या प्रश्नावरच. खरं लिहिलं तर बाळ घेऊन जातील असं वाटायचं. शेवटी पेन तिच्याकडे दिलं आणि म्हटलं तूच लिही. तिने कागद बाजूला ठेवला आणि चहा टाकला, माझ्याच घरात, दूध कुठंय ते न विचारता. पुढे आठ महिने औषध, बोलणं सगळं झालं. ती मालिका मला तिसऱ्या प्रयत्नात बघता आली. आता येतं हसू. बरंच.

डॉ. अर्धीझोप:
❤️ भारतात हा कागद फार कमी ठिकाणी पुढे येतो. आमच्याकडे वजनकाटा बाळाचाच.

सातारी ठेचा:
@गप्पच बरी मिठी. आणि नाव बदल.

मुक्काम पोस्ट:
माझा अनुभव नोकरीचा. २०१७ ला रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, माझी मोठी त्याआधीची आणि धाकटी नंतरची. एकाच घरात दोन कायदे. मोठीच्या वेळी ऑफिसच्या संडासात उभ्याने पंप, बाहेर कुणीतरी दार वाजवतंय, आणि ते यंत्र ‘घर्र फूस घर्र फूस’. साहेबांनी विचारलं, ‘आत ड्रिलिंग चाललंय का?’ मी हो म्हटलं. त्याउलट एकदा धाकटीला घेऊन एसटीने जाताना स्टँडवर हिरकणी कक्ष सापडला. बाकडं, पंखा, कडी. एवढ्यावर मला रडू आलं, आणि ज्या हिरकणीचं नाव आहे ती बाई तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरली होती!

चिंगीची आई:
तिच्या छातीचं काय झालं असेल दिवसभर, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. दगड झाली असणार. मी पण उतरले असते.

तळकोकणी:
+१०००

फडके आजींची नात:
विषय सोडून: अळिवाच्या खिरीला अळीव किती वेळ भिजवायचे? वहिनी परवा घरी येतेय.

सत्तरीतली:
दोन तास पुरे. नारळाच्या पाण्यात भिजव. लाडू कर त्यापेक्षा, खीर रोज कोण करतं.

मिसिसागाकर:
‘मदरलँड’ पण छान आहे बरं, बीबीसीची. त्यातल्या नायिकेची, ज्युलियाची, आई पोरं सांभाळायला स्पष्ट नाही म्हणते.

वडील_रात्रपाळी:
ती शाळेतल्या पोरांची आहे, तान्ह्यांची नव्हे. पण त्यातला घरी राहणारा बाबा केविन म्हणजे मी.

नवी कोरी:
एका हाताने टाइप करतेय. चुका समजून घ्या. १९ दिवस. माहेरी आहे नाशकात, आई शेजारी घोरतेय, ३.१० झालेत. सगळा धागा वाचला, कोबीचं आत्ता कळलं!! पोरगी झोपलीय अंगावर. खाली ठेवू का

डिंकलाडू:
नको.

मिसिसागाकर:
नको!! इथे संध्याकाळ आहे, मी जागी आहे, बोल.

वडील_रात्रपाळी:
आधी ढुंगण टेकव, मग पाठ, हात काढू नकोस. दहा मिनिटं. डोकं सगळ्यात शेवटी.

नवी कोरी:
ठेवली

नवी कोरी:
उठली