गणपतीत मुलांसाठी गुप्तलिपीचा कार्यक्रम: काय घेऊ, कुणाची गोष्ट सांगू? (बजेट १५०० रु.)

कर्वेनगरची_मधुरा
सोसायटीच्या गणपतीत मुलांच्या कार्यक्रमाची जबाबदारी यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. चित्रकला आणि फॅन्सी ड्रेसचा कंटाळा आला म्हणून मीटिंगमध्ये मीच बोलून बसले, "गुप्तलिपी करणाऱ्यांच्या आणि फोडणाऱ्यांच्या गोष्टी घेऊ या." आता निस्तरायचंय. मुलं २२, वय ९ ते १३. शाळा इंग्रजी, पण मराठी वाचतात. वेळ दोन तास. बजेट १५०० रुपये, खाऊ वेगळा. प्रोजेक्टर बंद आहे आणि बंदच राहणार (त्यावर वेगळा धागा निघेल). गोष्ट कुणाची सांगू? मुलांच्या हातात काय देऊ? विकतचं किट कुणी घेतलंय का?

इंजिनीअर_काका
एनिग्मा, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं गुप्तलिपीचं यंत्र. दुसरा विचारच करू नका. मी निवृत्त झाल्यावर लाकडी पेटीतली प्रतिकृती बाहेरून मागवली, कस्टम धरून ३८ हजारांना पडली. पैसा वसूल. तीन चक्रं, प्रत्येकावर २६ अक्षरं. कळ दाबली की उजवीकडचं चक्र एक घर सरकतं, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबलं तरी दिवा वेगळा लागतो. नातू दोन तास हलला नव्हता.

कर्वेनगरची_मधुरा
काका, पंधराशे. अडतीस हजार नाही.

इंजिनीअर_काका
वर्गणी काढा की. डीजेला निघते ना?

लीड्सचा_पप्या
काकांना अनुमोदन, एनिग्माच. मागच्या वर्षी आईबाबांना घेऊन ब्लेचली पार्कला गेलो होतो, युद्धात ब्रिटिश जर्मनांचे संदेश फोडायचे ती जागा. लंडनच्या युस्टनहून ट्रेन, स्टेशनवरून चालत. तिथे संदेश फोडणाऱ्या ट्यूरिंग या गणितज्ञाचं ऑफिस, झोपड्या (हट म्हणतात, पण झोपड्याच त्या) सगळं बघून झालं आणि मग कळलं की फिरतं बाँब यंत्र (संदेश फोडायचं, स्फोटाचं नाही) आणि कोलोसस संगणक शेजारच्या संगणक संग्रहालयात आहेत, त्याचं तिकीट वेगळं. चूक माझीच, वाचलं नव्हतं. तोवर बाबांचे गुडघे संपले होते. एनिग्मा फोडणारा कोलोसस न बघताच परत आलो.

गणिताचा_मास्तर
पप्या, कोलोससने एनिग्मा फोडलं नाही. तो होता लोरेंझ नावाच्या वेगळ्या यंत्रासाठी. टॉमी फ्लॉवर्स या टपाल खात्यातल्या इंजिनीअरने बांधला. एनिग्मासाठी ते बाँब यंत्र.
आणि सगळं श्रेय ट्यूरिंगच्या पदरात टाकू नका. १९३२ च्या डिसेंबरात मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने लष्करी एनिग्माच्या आतली तारांची जोडणी कागदावर गणित करून काढली. फ्रेंचांनी मिळवलेले काही जर्मन कागद हाताशी होते, पण यंत्र उघडून पाहायला मिळालेलं नव्हतं. जोडीला रुझित्स्की आणि झिगाल्स्की. १९३९ च्या जुलैत, युद्धाला जेमतेम महिना उरलेला असताना, वॉर्साजवळच्या जंगलात त्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंच लोकांपुढे सगळं मांडलं. रुझित्स्की १९४२ मध्ये जहाज बुडून गेला. रेयेव्स्की युद्धानंतर मायदेशी परतला आणि कारखान्यात हिशेब लिहीत बसला. बरीच वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता नव्हता.

लीड्सचा_पप्या
मास्तर, ट्यूरिंगने काही केलंच नाही असं म्हणायचंय का?

गणिताचा_मास्तर
असं मी कुठे म्हटलं? जर्मनांनी पद्धत बदलल्यावर पोलिश युक्त्या पांगळ्या झाल्या आणि ट्यूरिंग आणि त्याचा ब्लेचलीतला सहकारी वेल्चमन यांचं बाँब यंत्र लागलं. दोघांचं काम आहे. पण आधी कोण, ते मुलांना सांगायला हवं.

सुलेखा_नाशिक
मूळ प्रश्नावर येते. किट मी घेतलंय, १८९९ रुपयांचं. घेऊ नका. पेनाची शाई चौथ्या दिवशी वाळली, निळ्या दिव्याचा सेल गावात कुठे मिळेना. अक्षरांची चकती फक्त इंग्रजी आणि तीही एकच, २२ मुलांत काय करणार? आमच्या चिरंजीवांनी त्यातलं भिंग तेवढं ठेवलंय, मुंग्या बघायला.

झणझणीत_मिसळ
किट कशाला? लिंबाचा रस आणि इस्त्री. कागदावर रसाने लिहायचं, वाळवायचं, वरून इस्त्री फिरवली की अक्षरं तपकिरी उमटतात. आमच्याकडे मस्त जमलं होतं, फक्त खालची सतरंजी जळली.

सुलेखा_नाशिक
९ वर्षांची २२ मुलं आणि गरम इस्त्री. मधुराताई, हे नका हं करू.

गणिताचा_मास्तर
शिवाय ती लपवाछपवी झाली, गुप्तलिपी नव्हे. लपवलेलं सापडलं की कुणीही वाचतो. लिपी सापडली तरी वाचता येऊ नये, हा मुद्दा असतो.

गडवेडा_७७
परदेशाचं कौतुक पुरे. आपली मोडी सांगा. शत्रूला वाचता येऊ नये म्हणूनच तर मोडी काढली होती.

दप्तरी
नाही हो. मोडी ही भराभर लिहायची लिपी. हात न उचलता ओळ ओढता यावी म्हणून अक्षरांना वळणं दिलेली. पेशवे दप्तरातले रुमालच्या रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) मोडीत आहेत. जमाखर्च, वतनं, भांडणं. सगळा कारभार ज्या लिपीत चालतो ती गुप्त कशी असेल? आज आपल्याला वाचता येत नाही म्हणून ती गुप्त वाटते.
मराठीत खरंच लपवलेलं बघायचं तर महानुभावांकडे जा. पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत. अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर किंवा चिन्ह. शेकडो वर्षं बाहेरच्यांना ते वाङ्मय बंद होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली, तेव्हा कुठे मराठी गद्य किती जुनं आणि किती देखणं आहे ते बाकीच्यांना कळलं.

गडवेडा_७७
माझ्या आजोबांनी मोडी गुप्त असल्याचं सांगितलं होतं. ते मामलेदार कचेरीत होते.

दप्तरी
मामलेदार कचेरीत मोडीच चालायची, म्हणून तर म्हणतोय.

अडत्याचा_नातू
सांगलीच्या हळद बाजारात आमच्या आजोबांची अडत होती. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारी उभ्या शेतकऱ्याला कळायचं नाही. तोंडाने बोलायचं तर नंदभाषा. उधानू म्हणजे ३, मुळू म्हणजे ५, अंगुळू म्हणजे १०. आजोबा घरीसुद्धा आजीसमोर पैशाचं असंच बोलायचे. आजीला सगळं कळत होतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. शून्य खर्च, रुमाल घरचा.

झणझणीत_मिसळ
आम्ही शाळेत च-ची भाषा बोलायचो. चुझेत चावन चायक?

सुलेखा_नाशिक
चाझंम चावन चुलेखास :)

गणिताचा_मास्तर
आता कामाचं. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मधे टाचणी. साधारण १४६७ च्या सुमारास आल्बेर्ती या इटालियन वास्तुकाराने असली चकती सुचवली. खर्च पन्नास रुपये.
पण मराठीत करायची तर व्यंजनं मोजा. ङ आणि ञ वगळा, नाहीतर खीर लिहिली की ङीश होते आणि पोरं हसत बसतात. क ते ळ उरतात बरोबर ३२ (क्ष, ज्ञ जोडाक्षरं, ती बाजूला). ३२ का बरी? कागदाची गोल चकती पाच वेळा निम्मी दुमडली की घड्यांचे आपोआप ३२ भाग पडतात. कोनमापक नको. साधा कागद घ्या, जाड कागद पाचव्या घडीला ऐकत नाही. घड्या आखून झाल्या की मग पुठ्ठ्यावर चिकटवा.
रोमचा सीझर करायचा तसं प्रत्येक व्यंजनाऐवजी तीन घरं पुढचं लिहायचं. काना-मात्रा जागच्या जागी. "मोदक कपाटात आहे" चं होतं "लोपघ घभाढाध आखे".
आता गंमत. मुलांना आणखी दोनचार वाक्यं द्या, किल्ली देऊ नका. प्रत्येक ओळीच्या शेवटी "आखे" येतं. मराठीत ओळीच्या शेवटी सारखं काय येतं? आहे. एकाने ओरडून सांगितलं की संपलं. ब्लेचलीतही हेच चालायचं. जर्मनांचा हवामानाचा संदेश ठरल्या वेळी यायचा, त्यात "हवामान" हा शब्द असणारच, त्यावरून आत शिरायचं. अक्षरं किती वेळा येतात ते मोजून लिपी फोडायची रीत तर नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली आहे.

इंजिनीअर_काका
एवढ्या घड्या घालण्यापेक्षा पेटी घ्या. भाड्याने देईन.

लीड्सचा_पप्या
मास्तरांच्या चकतीला +१. आणि ट्यूरिंग सांगाच.

गडवेडा_७७
मोडीसुद्धा.

कर्वेनगरची_मधुरा
सगळ्यांचे आभार. रात्री बसून ठरवलं. एनिग्मा नाही, चकती नाही, मोडी नाही. मी स्कॉटलंडची राणी मेरी करणार आहे.
इंग्लंडात चार्टलीच्या वाड्यात ती एलिझाबेथ राणीच्या नजरकैदेत. पत्रं बियरच्या पिंपाच्या बुचात लपवून आत-बाहेर. पत्रात अक्षरांना चिन्हं, नेहमीच्या शब्दांना वेगळी चिन्हं. पत्रं पोचवणारा गिफर्ड फितूर. प्रत्येक पत्र आधी एलिझाबेथचा हेरप्रमुख वॉल्सिंगहॅम याच्या माणसाकडे, थॉमस फेलिप्सकडे, जायचं. त्याने १५८६ मध्ये, सहा जणांनी एलिझाबेथला मारायच्या कटाला होकार देणारं मेरीचं पत्र उलगडलं आणि आपल्या प्रतीवर फाशीचा खांब काढला. वर मूळ पत्राला तिच्याच चिन्हांत खोटा ताजा कलम जोडला, "त्या सहा जणांची नावं कळवा". लिपीवर भरवसा होता म्हणून मेरीने सगळं मोकळेपणाने लिहिलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत तिचं डोकं उडालं.
११ मुलं मेरीकडची, ११ फेलिप्सकडची. खोटा कलम कोण झकास लिहितं ते बघायचं.

सुलेखा_नाशिक
गणपतीत बियर आणि शिरच्छेद? कमिटी चालू देईल?

गणिताचा_मास्तर
गोष्ट उत्तम, पण २२ मुलांना नवी चिन्हं पाठ करून घ्यायला तासभर जाईल. चकती सोपी होती.

कर्वेनगरची_मधुरा
झाला कार्यक्रम. खर्च ३४० रुपये. कमिटीच्या आग्रहाने बियरचं पन्हं केलं. मास्तर, तासभर नाही, सव्वा तास गेला, आणि दोन मुलं रडली. पण तिसरीतल्या एकीने राणीच्या पत्राखाली चिन्हांत जो कलम घुसवला तो वाचून अध्यक्षांनी खरंच बी विंगमधून एकवीस मोदक मागवले.

इंजिनीअर_काका
पुढच्या वर्षी पेटी आणतो. प्रोजेक्टर झाला का दुरुस्त?