बोअरच्या पाण्यात सामू टिकत नाही, मुळांवर बुळबुळीत थर येतो

गच्चीवरची बाग, जळगाव:
नमस्कार मंडळी. शेडनेटखाली मातीविना, खताचे पाणी फिरणाऱ्या नळ्यांमध्ये पालक आणि लेट्यूस लावून मला चार महिने झाले. टाकी ६० लिटरची असून पाणी बोअरचे आहे. रोज सायंकाळी लिंबाच्या रसाने खताच्या द्रावणाचा सामू (पीएच) ६.० वर आणतो, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो ७.४ च्या पुढे गेलेला असतो. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आहेत. गेल्या आठवड्यापासून मुळांवर तपकिरी थर दिसतो. मूळ बोटांत धरून हलके ओढले, की वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. म्हणून कृषी सेवा केंद्रातून बॅसिलस आणि स्यूडोमोनास या उपयुक्त जिवाणूंची पूड आणून टाकली व त्याच दिवशी जंतू मारणारे हायड्रोजन पेरॉक्साइडही घातले. काहीच फरक पडला नाही. जिवाणूंची मात्रा वाढवावी का?

केळी उत्पादक, रावेर:
भाऊ, मात्रा वाढवण्याआधी पाण्याकडे पाहा. आपल्या ठिबकच्या ड्रिपरवर जो पांढरा क्षार बसतो, त्याच्या मुळाशी असलेले बायकार्बोनेट तुमच्या टाकीतही आहे आणि ते संपेपर्यंत घातलेले आम्ल खात राहते. नायट्रेट शोषताना झाडेही सामू थोडा वर ढकलतात, परंतु एका रात्रीत एवढी उडी बहुधा पाण्यामुळेच येते. एक लिटर साध्या बोअरच्या पाण्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून सामू ६.० वर आणा, रात्रभर हवेचा पंप चालू ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. सामू चढला असेल तर बायकार्बोनेट शिल्लक आहे. यापुढे पाणी वेगळ्या पिंपात आम्ल घालून एक रात्र मुरवावे आणि मगच त्यात खते मिसळावीत. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही; हातमोजे आणि चष्मा हवाच. पाने पिवळी पडण्याचे कारणही हेच दिसते: ईडीटीए स्वरूपातील (लोह विरघळलेले ठेवणाऱ्या रसायनाशी जोडलेले) लोह साधारण ६.५ सामूच्या वर टिकत नाही. डीटीपीए या तशाच दुसऱ्या रसायनाशी जोडलेले लोह ७.५ पर्यंत तग धरते.

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, धुळे:
दादांनी सांगितले ते योग्यच आहे. मी लिंबाबद्दल बोलते. सायट्रिक आम्ल हे जिवाणूंचे अन्न आहे. ते खाल्ले जाते, सामू पुन्हा वर येतो आणि खाणाऱ्यांची संख्या वाढून ऑक्सिजन कमी होतो, तो बुळबुळीत थर बऱ्याच अंशी त्यांचाच असतो. त्यातच आपला उन्हाळा. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच, आणि गच्चीवरची टाकी दुपारी त्याहूनही तापते. साल सुटून तंतू उरणे हे पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाच्या मूळकुजीचे लक्षण आहे आणि कोमट, गुदमरलेल्या पाण्यात ती झपाट्याने पसरते. पेरॉक्साइड तर मित्र-शत्रू ओळखत नाही. तुम्ही विकत आणलेले जिवाणू त्यानेच मारले असणार. आणखी एक गोष्ट: नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट बनवणारे जिवाणू मत्स्यपालनाशी जोडलेल्या पद्धतीत लागतात, तुमच्या खतात नायट्रेट आधीच असल्याने त्यांचा शोध घेऊ नका.

गच्चीवरची बाग, जळगाव:
दादा, ताई, मनापासून आभार. चाचणी केली: रात्री ६.०, सकाळी ७.१. आता ही झाडे वाचतील का? शेजारचे काका जीवामृत घालायला सांगत आहेत.

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, धुळे:
जीवामृत मातीसाठी ठेवा. त्यातील गूळ आणि शेण या टाकीतला उरलासुरला ऑक्सिजन संपवतील. ज्यांची बहुतेक मुळे तपकिरी झाली आहेत ती झाडे काढून टाका. टाकी आणि नळ्या पेरॉक्साइडने धुवा, साध्या पाण्याने खंगाळा, नवे द्रावण भरा आणि दोन दिवसांनी द्रवरूप बॅसिलस घाला. टाल्कमध्ये मिसळलेली जिवाणूंची पूड गाळणीत अडकते. टाकीला ओले गोणपाट गुंडाळा आणि ती भिंतीच्या उत्तरेकडील सावलीत हलवा. नवी मुळे पांढरी निघाली, तर पाच-सहा दिवसांत ती नळीच्या भोकातून दिसतील.