सेसमी स्ट्रीट : बाहुल्या सोडून, तुमचं आवडतं माणूस कोण?

बालवाडीची बाई, फोंडा

नमस्कार. फोंड्याजवळच्या एका गावात मी बालवाडी चालवते. सतरा मुलं आहेत. माझ्याकडे मोज्याचा शिवलेला एक पोपट आहे, राघू. आठ वर्षं झाली त्याला, चोच दोनदा बदलली. मुलं माझं ऐकत नाहीत तेवढं राघूचं ऐकतात.

सध्या रोज रात्री मी सेसमी स्ट्रीटचे, म्हणजे माणसं आणि बाहुल्या एकत्र असलेल्या अमेरिकेतल्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाचे, जुने भाग बघते. कारण सांगते. आमच्या तिठ्यावर एका आजोबांचा पसरा, म्हणजे छोटं दुकान, होतं. बालवाडी सुटली की मुलं आईचा हात ओढत तिथे जायची. आबा बरणीवर हात ठेवायचे आणि मुलाचं नाव मुद्दाम चुकीचं घ्यायचे. मूल ओरडून बरोबर नाव सांगायचं, की झाकण उघडायचं आणि लिमलेटची एक गोळी हातावर पडायची. रोज हेच, आणि रोज तेवढाच आनंद.

पावसाच्या तोंडाला आबा गेले. मुलांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, गावाला गेलेत. माझं चुकलं. चार वर्षांची एक पोर त्यानंतर रोज बंद फळ्यांसमोर जाऊन उभी राहायला लागली. आईला म्हणायची, आज येतील. त्या माऊलीने मला येऊन सांगितलं तेव्हा कुठे तोंड लपवावं ते कळेना.

त्याच आठवड्यात मिस्टर हूपर सापडले. सेसमी स्ट्रीटवरचे दुकानदार. चष्मा, बो टाय, कमरेला एप्रन. बिग बर्डला, म्हणजे तिथल्या मोठ्या पक्ष्याच्या बाहुलीला, त्यांचं नाव कधी धड घेता यायचं नाही आणि ते दर वेळी ‘हूपर, हूपर’ करत सुधारायचे. आमच्या आबांचाच खेळ, फक्त उलटा! ती भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. कार्यक्रमवाल्यांना दुसरा नट आणता आला असता, किंवा दुकान विकून गेले म्हणता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात मुलांना खरं सांगितलं. बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून आणतो, ज्याची त्याला वाटतो, शेवटी हूपरांचं चित्र हातात राहतं आणि तो म्हणतो, ते आले की देईन. मग रस्त्यावरची मोठी माणसं, मारिया, सुझन, बॉब, गॉर्डन, त्याला सांगतात की ते वारले, आणि वारलेलं माणूस परत येत नाही. म्हातारे झाले होते, आजारी होते, देवाघरी गेले, यातलं काहीच म्हणत नाहीत. म्हातारं म्हटलं की मूल आपल्या आजीकडे बघतं, आजारी म्हटलं की स्वतःच्या तापाला भितं. तो भाग मी तीनदा बघितला. माझं आवडतं माणूस मिस्टर हूपर.

तुमचं कोण? आणि का? मला खरंच ऐकायचं आहे, कारण पुढच्या आठवड्यात राघूला घेऊन मला मुलांशी बोलायचं आहे.

म्हापसेकर, कुवेत रिटर्न

बाई, वाचून गलबललो.

माझं लहानपण कुवेतचं. बाबा तिथे गॅरेजमध्ये मेकॅनिक. टीव्हीवर ‘इफ्तह या सिमसिम’ लागायचं, १९७९ पासून चाललेली अरबी आवृत्ती, कुवेतमध्येच बनायची. त्यात नुमान नावाचा मोठा उंट होता. मला अरबी कळायचं नाही, उंट मात्र पूर्ण कळायचा. अमेरिकन भाग मामाने पाठवलेल्या कॅसेटवर बघितले, आणि तिथे भेटले मारिया आणि लुईस.

त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. टोस्टर, रेडिओ, पंखे. मारियाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर! आमच्या घरी आई फ्यूजला हात लावायची नाही, आणि इथे एक बाई टोस्टर उघडून बसलेली. मी बाबांना विचारलं, आई का नाही करत? बाबांनी त्याच संध्याकाळी आईला प्लग जोडायला शिकवलं. लाल वायर, काळी वायर, आईच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं डोळ्यांपुढे आहे.

मारिया झालेली सोनिया मान्झानो आणि लुईस झालेला एमिलिओ डेलगाडो दोघंही १९७१ मध्ये आले. ती प्वेर्तो रिकन घरातली, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेली. तो मेक्सिकन वंशाचा, गाणारा. १९८८ मध्ये कार्यक्रमात त्यांचं लग्न लागलं, पुढच्या वर्षी मुलगी झाली, गॅबी. मान्झानोबाई स्वतः तेव्हा गरोदर होत्या, तेच कथेत घेतलं. लग्न, दुकान, बाळ, सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर, वर्षानुवर्षं.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि आम्ही दोन बॅगा घेऊन निघालो. कॅसेट राहिल्या. म्हापशाच्या घरी आल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते आजीचा बंद पडलेला रेडिओ उघडायचं, आणि आई शेजारी बसून स्क्रू वाटीत जमा करत होती. डेलगाडो मार्च २०२२ मध्ये गेले. त्या दिवशी मी आईला फोन केला होता.

कळसूत्री, पणजी

मी मूळ कुडाळचा. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या बघत वाढलो, आता इथे नाटकात काम करतो. एक उलटी बाजू मांडतो, राग मानू नये.

मुलांना खरं तर माणसं नकोच होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, जुलै १९६९ मध्ये, फिलाडेल्फियात चाचणीचे भाग मुलांना दाखवले. तज्ज्ञांनी बजावलं होतं की बाहुल्या आणि माणसं एकत्र आणू नका, मुलं खरं-खोटं यात गोंधळतील. म्हणून रस्त्यावरच्या प्रसंगांत फक्त माणसं ठेवली. झालं काय, रस्ता आला की मुलांचं लक्ष उडायचं. मग तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बिग बर्ड आणि ऑस्कर या बाहुल्यांना रस्त्यावर आणलं, आणि १० नोव्हेंबर १९६९ ला कार्यक्रम सुरू झाला तो तसा. म्हणजे माणसं टिकली ती बाहुल्यांमुळे.

पण दुसरी गोष्टही तेवढीच खरी आहे, आणि ती मला माझ्या चुकीने कळली. एका जत्रेच्या नाटकात माझ्यासमोर बाहुली होती, ती धरणारा मुलगा काळ्या कपड्यात मागे. मी बोलताना सवयीने त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिलो. सगळा मांडव त्या मुलाकडे बघायला लागला आणि बाहुली मेली. त्यानंतर मी सेसमी स्ट्रीटवरच्या बॉबचं, म्हणजे बॉब मॅकग्राचं, काम बारकाईने बघितलं. पहिल्या भागापासून तिथे, आवाज मुरलेला, जपानमध्ये गायक म्हणून लोकप्रिय होऊन गेलेला माणूस. बाहुलीवाले खाली वाकून, हात वर करून, मॉनिटरवर नजर ठेवून काम करतात. बॉबची नजर चुकूनही खाली जात नाही. तो बाहुलीच्या डोळ्यांत बघतो, तिचं वाक्य संपेपर्यंत थांबतो, मग बोलतो. बिग बर्डच्या आतल्या कॅरल स्पिनी यांना तर बाहेरचं थेट दिसायचंच नाही, छातीला बांधलेल्या छोट्या पडद्यावर बघून चालायचे. आठ फुटी पक्षी, आंधळा, आणि त्याच्याशी बॉब असा बोलतो जसा शेजारच्या पोराशी.

बाई, राघू बोलत असताना तुम्ही मुलांकडे बघू नका. राघूकडे बघा.

साखळीची मावशी

माझी लिंडा. लिंडा बोव्ह. १९७१ ते २००२, ग्रंथपालाची भूमिका, आणि ती खरोखरच बहिरी आहे, अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या नाट्यसंस्थेतून आलेली. माझ्या भाचीला ऐकू येत नाही. नातेवाईक तिच्याशी बोलायचे म्हणजे मोठ्याने ओरडायचे, नाहीतर तिच्या आईला विचारायचे, ‘तिला भात वाढू का?’ भाची समोर बसलेली असायची.

फोनवर तिला लिंडाचे तुकडे दाखवले तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिथे बॉब लिंडाशी खुणांनी बोलतो आणि बाकीचेही शिकून घेतात. खुणा अमेरिकेच्या, आपल्या वेगळ्या, हे तिला माहीत होतं. तरी तिने फोन माझ्या हातातून घेतला, आजीसमोर धरला आणि बोटाने आधी लिंडाकडे, मग स्वतःकडे दाखवलं. आजी तेव्हा ऐंशीच्या जवळ. त्या चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधताना आजीने तिला विचारून नारळ, सुपारी, केळी यांच्या खुणा शिकून घेतल्या. चुकायच्या, भाची हात धरून बोटं नीट करायची.

बालवाडीची बाई, फोंडा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. झालं ते सांगते.

काल सकाळी मुलांना चटईवर गोल बसवलं. राघूच्या चोचीत लिमलेटची गोळी धरली. राघू म्हणाला, ही मी आबांसाठी ठेवली आहे, ते गावाहून आले की देणार. मी म्हटलं, राघू, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. आबा गावाला गेले नाहीत. आबा वारले. ते आता येणार नाहीत. राघूने विचारलं, उद्या पण नाही? मी म्हटलं, उद्या पण नाही.

कोणी रडलं नाही. एकाने विचारलं, मग बरणी कोणाकडे? मी म्हटलं, त्यांच्या सुनेकडे. दुसरा म्हणाला, तिला माझं चुकीचं नाव येत नाही. त्यावर बाकीच्यांनी गंभीरपणे माना हलवल्या, आणि मग सगळे एकदम आपापली चुकीची नावं सांगायला लागले, आबा कोणाला काय म्हणायचे ते. एकही विसरलेलं नव्हतं.

फळ्यांसमोर उभी राहणारी पोर मात्र गप्प होती. कळसूत्री दादा, तुमचं सांगणं मी पाळायचं ठरवलं होतं, पण मला तिच्याशिवाय दुसरीकडे बघवेना. राघू काहीतरी म्हणत होता, म्हणजे मीच म्हणत होते, आणि डोळे तिच्याकडे. ती उठून जवळ आली, माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड राघूकडे फिरवलं. म्हणाली, बाई, तो बोलतोय ना.